सकाळी सातचा फोन: "आमच्या पोराचं नाव कुठं हाय?"

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रविवारी फुटबॉलचा सामना झाला की सोमवारी सकाळी सातच्या आसपास फोन येतो. आवाज अनोळखी, सुरुवात मात्र ठरलेली. "का ओ, काल तुमीच हुतासा न्हवं मैदानात? मग आमच्या पोराचं नाव कुठं हाय?" तो ठेवतोय तोवर दुसरा. हा पेठेतला कुणीतरी जुना खेळाडू असतो, आणि त्याच्या संघाचा विजय दोन ओळींत गुंडाळला म्हणून दुखावलेला असतो. नऊच्या सुमाराला वस्तादांचा फोन. त्यांच्या पठ्ठ्यानं आदल्या दिवशी यात्रेच्या मैदानात कुस्ती मारली आणि पेपरात त्याचं गावच भलतं आलं.

खेळाच्या बातम्या लिहायला नव्यानं लागलेली मुलं मला वारंवार हाच प्रश्न विचारतात. दादा, इतकं लिहूनही रोज शिव्या का खायच्या? म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

मीही सुरुवातीला हे फोन म्हणजे लोकांचा स्वभाव समजून सोडून देत होतो. कोल्हापूर आहे, पेठेचा अभिमान आहे, बोलणारच. मग एका हंगामात प्रत्येक तक्रार वहीत लिहायला लागलो: कुणाची, कशाबद्दल आणि चूक नक्की कुठल्या टप्प्यावर झाली. हंगाम संपल्यावर वही वाचली तेव्हा दिसलं की बहुतेक तक्रारींचं मूळ सामना सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांत होतं. त्या दहा मिनिटांत मी चहाच्या गाड्यावर असायचो.

नाव कुठं बिघडतं

संघाचा व्यवस्थापक खेळाडूंची यादी व्हॉट्सॲपवर पाठवतो, तीही इंग्रजी अक्षरांत. आपण ती तशीच बातमीखाली चिकटवतो. डेस्कवरचा, म्हणजे कचेरीत बातम्या तपासून पान लावणारा सहकारी, जो त्या दिवशी मैदानावर नव्हता आणि कदाचित कोल्हापूरचाही नाही, ती देवनागरीत आणतो. इंग्रजीत 'ळ' नाही आणि ऱ्हस्व-दीर्घही नाही. त्यामुळं काळेचा काले होतो, माळीचा माली होतो, घाटगे आणि घाडगे एकमेकांच्या घरात जातात. आणि आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे पोवार. या शहरात पोवार घराणी भरपूर आहेत. बाहेरच्या माणसाला ती टंकलेखनाची चूक वाटते आणि तो प्रामाणिकपणे 'पवार' करून टाकतो. त्याच्या दृष्टीनं त्यानं बातमी सुधारलेली असते.

ही अडचण फक्त पेठेतल्या सामन्यांची आहे असंही नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. सगळा जिल्हा रस्त्यावर आला. आणि मराठी बातम्यांत त्याचं आडनाव कुठं 'कुसळे' तर कुठं 'कुसाळे' असं येत राहिलं, कारण निकालपत्रकावर इंग्रजी अक्षरं होती. देशाला पदक देणाऱ्या पोराची ही गत, तर 'ब' गटातल्या राखीव खेळाडूचं काय होत असेल!

उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा मला सापडलेला नाही. सामन्याआधी दहा मिनिटं संघाच्या बाकाजवळ जायचं आणि यादी स्वतःच्या हातानं, देवनागरीत लिहायची. व्यवस्थापकानं सांगितलेलं नाव लिहिताना खेळाडू समोर असेल तर त्यालाच विचारायचं, "भावा, पोवार की पवार?" तो खूश होतो. आजवर कुणी विचारलेलं नसतं. नावापुढं जर्सीचा नंबर लिहायचा. एका संघात दोन पाटील, तीन जाधव असणारच, तेव्हा नुसतं आडनाव कधीच लिहायचं नाही. नाव आणि आडनाव दोन्ही सारखं असेल तर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घ्यायचं आणि बातमीतही तेच ठेवायचं. मध्यंतरानंतर परत एक फेरी मारायची. कुणाची जर्सी फाटते, कुणाच्या जर्सीला रक्त लागतं, तो दुसऱ्याची घालून उतरतो आणि आपल्या वहीतला नंबर खोटा ठरतो. चौथ्या पंचांकडं बदलाची नोंद असते. सामना संपल्यावर त्यांना भेटून गोल कुणाच्या नावावर धरला तेही विचारून घ्यायचं. गर्दीतून चेंडू आत गेला की पॅव्हेलियनमध्ये चारजण चार नावं सांगतात.

डेस्कला बातमी देताना मी आता वर एक ओळ टाकतो: 'नावं मैदानावर तपासली आहेत, बदलू नयेत.' पोवारसारख्या नावांची एक यादीच करून दिली आहे. रागानं नाही, त्यांची सोय म्हणून. रात्री साडेआठला पान लावणाऱ्या माणसावर किती ताण असतो हे मी जवळून बघितलंय.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी नावाबद्दल इतका का अडून बसतो ते कळेल. काही वर्षांपूर्वी एका सामन्यात दोन चुलतभाऊ एकाच संघातून खेळत होते. आडनाव एक, अंगकाठी एक. थोरला उद्यमनगरात लेथवर काम करायचा. उत्तरार्धात त्यानं गोल मारला आणि मी धाकट्याचं नाव दिलं. सकाळी फोन आला. "मी त्याची आई बोलतोय. गोल आमच्या पोरानं मारलाय." मी नेहमीसारखं म्हणालो, "ताई, होतं कधीकधी, पुढच्या वेळी बघू." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळंचं न्हवं ओ. मालकाला कात्रण दाखवून शनवारची सुट्टी मागणार हुता त्यो. सेमीफायनल हाय."

त्या दिवशी मी दुरुस्ती छापायला लावली, पण ती दुसऱ्या दिवशी आली. पोरगा शनिवारी खेळला की नाही हे मी मुद्दाम जाऊन बघितलं. बाकावरही नव्हता.

नाव बरोबर, पण छापूनच आलं नाही

हे जास्त वेळा होतं आणि त्याचं कारण वाचकाला कधीच दिसत नाही. बातमी लांब झाली की डेस्क खालून कापतं. जागा मर्यादित, जाहिरात ऐनवेळी येते, मग शेवटचा परिच्छेद जातो. आता आपल्या बातम्यांची नेहमीची रचना बघा. पहिल्या परिच्छेदात स्पर्धेचं लांबलचक नाव, मग उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, प्रमुख उपस्थिती, मग नगरसेवक, माजी नगरसेवक, मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, पुरस्कर्ते. त्यानंतर कुठंतरी 'तत्पूर्वी झालेल्या सामन्यात' आणि गोल करणारे सगळ्यात खाली. कात्री कुणावर चालणार ते उघड आहे. ज्यानं ऐंशी मिनिटं धावून गोल केला तो गेला आणि ज्यानं दोन मिनिटं चेंडूला पाय लावून फोटो काढला तो राहिला.

म्हणून निकाल, गोल करणारे, गोल वाचवणारा गोलरक्षक आणि सामनावीर हे पहिल्या दोन परिच्छेदांत आले पाहिजेत. पाहुणे शेवटी. आयोजक नाराज होतात, होऊ देत. मी त्यांना सरळ सांगतो: पाहुण्यांची नावं फोटोओळीत येतील, बातमी खेळाडूंची आहे. काही मंडळं आता स्वतः लिहूनच बातमी पाठवतात. ती घ्यायला हरकत नाही, त्यात माहिती असते. पण ती उलटी करून घ्यायची. शेवटचा परिच्छेद वर आणि पहिला खाली. एवढं केलं तरी सकाळचे निम्मे फोन थांबतात, हा माझा अनुभव आहे.

गाव कुठलं लिहायचं?

कुस्तीत हा प्रश्न सुटता सुटत नाही, कारण दोन्ही बाजू खऱ्या असतात. पोरगा सांगोल्याचा असतो, माळशिरसचा असतो, कधी बेळगाव भागातला असतो. राहतो आणि मेहनत करतो गंगावेस, शाहूपुरी नाहीतर मोतीबाग तालमीत. मैदानाच्या पत्रकावर जोड लावताना तालमीचं नाव असतं. निवेदक कुस्ती सुरू होताना गाव पुकारतो आणि कुस्ती मारली की तालीम पुकारतो. हलगीच्या आवाजात जे कानावर पडेल ते आपण लिहितो. गाव लिहिलं तर वस्ताद म्हणतात, खुराक आमचा, घाम आमच्या मातीत गाळला, आणि नाव गावाचं? तालीम लिहिली तर गावाकडून फोन: आमच्या शिवारात वाढलेलं पोरगं कोल्हापूरचं कसं झालं?

खाशाबा जाधवांबद्दलही हीच ओढाताण आहे. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा हा मल्ल कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. शिकला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. सातारा जिल्ह्याचा हक्क खरा आणि कोल्हापूरचाही खरा. त्यांच्याबद्दल लिहिताना दोन्ही लिहिलं की कुणी फोन करत नाही. मग आजच्या पोराबद्दल लिहिताना एकच का निवडायचं? पहिल्या उल्लेखात मूळ गाव आणि तालीम दोन्ही द्यायची, वस्तादांचं नावही द्यायचं. पुढं आडनाव पुरतं. यात सहा-सात शब्द वाढतात. ते पाहुण्यांच्या यादीतून वाचवा.

डावाचं नाव ही वेगळी जबाबदारी आहे. घिस्सा की पोकळ घिस्सा, एकचाक की ढाक, यात चूक झाली तर ज्यांनी आयुष्य मातीत घालवलं ती माणसं तुमचा पेपर बाजूला ठेवतात आणि पुढची बातमी वाचत नाहीत. तिथं तर्क चालवायचा नाही. आखाड्याशेजारी दहा जाणते बसलेले असतात. "वस्ताद, डाव कुठला लागला?" असं विचारण्यात कमीपणा नाही. उलट ते हातानं करून दाखवतात आणि तो डाव तुम्ही परत चुकत नाही. मी ढाक असाच शिकलो, बसल्या जागी, एका म्हाताऱ्या पैलवानाकडून. त्यांनी माझं मनगट धरून दाखवलं होतं, आणि ते दोन दिवस दुखत होतं.

'चितपट' हा शब्द पंचांनी तसा निकाल दिला असेल तरच वापरायचा. १९१२ मध्ये खुल्या झालेल्या आपल्या खासबाग मैदानाची बांधणीच अशी आहे की कुठंही बसलं तरी मधला आखाडा दिसतो. म्हणजे पाठ लागली की नाही याचे हजारो साक्षीदार असतात आणि सकाळी ते सगळे तुमचं वाक्य तपासतात. कुस्ती बरोबरीत सोडवली, गुणांवर गेली की निकाली झाली, हे तीन वेगळे निकाल आहेत. शंका असेल तर पंचांना गाठायचं. मॅटवरच्या कुस्तीत गुणफलक समोर असतो, तो लिहायचा. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की तांत्रिक श्रेष्ठत्वावर कुस्ती तिथंच संपते. त्याला चितपट म्हटलं की ते चुकीचंच.

"तुम्ही त्यांचेच"

हा पक्षपाताचा आरोप मनाला सगळ्यात जास्त लागतो. मंगळवार पेठेत पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ, शिवाय दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. इथल्या कितीतरी फुटबॉल संघांच्या नावात अजून 'तालीम' आहे, कारण ते तालमींमधूनच उभे राहिले. तिथं संघ म्हणजे घर असतं, आणि आपल्या घराबद्दल परक्यानं काय लिहिलं ते माणूस तीनदा वाचतो.

आधी मला हा आरोप खोटा वाटायचा. मग एका ज्येष्ठ वाचकानं मला वर्षभराची कात्रणं आणून दाखवली. त्यांनी क्रियापदांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. एक संघ एका गोलनं जिंकला तेव्हा मी 'निसटता विजय' लिहिलं होतं. दुसरा एका गोलनं जिंकला तेव्हा 'झुंजार विजय'. एकाला मी 'धूळ चारली' असं लिहिलं, दुसऱ्याला 'नमवलं'. मनात पक्षपात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण तो कागदावर होता. त्या काकांचे आभार मानले आणि तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर शब्दांची शिस्त लिहून ठेवली. एका गोलच्या विजयाला कुठल्याही संघासाठी एकच विशेषण, किंवा विशेषणच नाही. 'धुव्वा', 'लोळवलं', 'दणका' हे शब्द मी सोडून दिले. तीन-शून्य हा आकडा पुरेसा बोलतो.

मथळ्यातलं 'अ' आणि 'ब' जागेसाठी गाळायचं नाही. एकाच तालमीचे दोन संघ मैदानात असतील तर गाळलेल्या एका अक्षरानं विजय दुसऱ्या पोरांच्या नावावर जातो. फोटो निवडताना मागच्या दोन आठवड्यांत कुणाचा आला ते बघायचं. आणि स्वतःची पेठ लपवायची नाही. मी कुठल्या पेठेत वाढलो हे सगळ्यांना माहीत आहे. लपवलं असतं तर विश्वास कधीच बसला नसता.

मैदानात राडा झाला तर

इथं सगळ्यात जास्त दबाव येतो. एक पेठ म्हणते त्यांनी सुरुवात केली, दुसरी म्हणते यांनी. रात्री दहापर्यंत दोन्हींकडून मोबाइलवरची चित्रणं येतात आणि प्रत्येक चित्रण सोयीच्या ठिकाणी सुरू झालेलं असतं. माझी पद्धत ठरलेली आहे. जे मी स्वतः बघितलं ते, पंचांनी जी कारवाई केली ती, आणि पोलिसांत नोंद झाली असेल तर ती. बाकी काही नाही. 'सुरुवात कुणी केली' हे वाक्य मी लिहीत नाही, कारण गर्दीत ते कुणालाच पूर्ण दिसलेलं नसतं.

एक गोष्ट कायद्याची आहे आणि नव्या मुलांना ती अनेकदा माहीत नसते. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्हा नोंद झाला तर त्याचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ज्यावरून तो ओळखता येईल असं काहीही छापायचं नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार ते निषिद्ध आहे. जर्सीचा नंबर आणि संघाचं नाव एकत्र दिलं तरी पेठेत पोरगा ओळखला जातोच. तेही टाळा. पोरगं उद्या परत मैदानात आलं पाहिजे.

बारीकसारीक, पण रोजचं

टायब्रेकरचा, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टी मारून निकाल लागलेला फुटबॉल सामना नियमित वेळेतला निकाल आणि टायब्रेकरचा निकाल असा वेगवेगळा लिहायचा, दोन्हींची बेरीज करायची नाही. टायब्रेकरमधले गोल खेळाडूच्या स्पर्धेतल्या गोलसंख्येत धरत नाहीत. खो-खोचा निकाल डाव आणि गुणांत असतो, 'एक डाव आणि चार गुणांनी' यातला डाव गाळला की सगळा अर्थच बदलतो. कबड्डीत मध्यंतराचा गुणफलक दिला तर वाचकाला सामना दिसतो.

शालेय स्पर्धांच्या वेळी पालक कात्रणासाठी फार कासावीस होतात. त्यांना शांतपणे सांगा की दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण किंवा नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण कात्रणावर नाही, प्रमाणपत्रावर मिळतं. प्रमाणपत्रावरचं नाव आधी तपासून घ्या म्हणावं. तिथं पोवारचा पवार झाला तर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.

"आमच्याकडच्या पेपरात आलंच नाही" ही गडहिंग्लज, चंदगड बाजूची तक्रार बहुतेक वेळा आवृत्तीची असते. शहर आवृत्तीत आलेलं पान तिकडं जातच नाही. गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड शहराइतकंच आहे. तिथला संघ कोल्हापुरात खेळला असेल तर बातमी दोन्ही आवृत्त्यांना लावा असं डेस्कला त्याच दिवशी सांगायचं, आणि संघाच्या व्यवस्थापकाला शहर आवृत्तीच्या पानाचा फोटो पाठवायचा.

तरीही फोन आलाच तर

येणारच. उचला. मधेच तोडू नका, पहिलं मिनिटभर त्यांना बोलू द्या. मग तीन गोष्टी विचारा: सामना कुठला, खेळाडूचा जर्सी नंबर काय आणि नाव तुम्ही कसं लिहिता. वही उघडा. तुमची चूक असेल तर तिथंच कबूल करा आणि दुरुस्ती त्याच दिवशीच्या पानावर लावून घ्या, खेळाच्याच पानावर, बातमीच्या आकारात. आत कुठल्यातरी कोपऱ्यात 'दिलगिरी' म्हणून दोन ओळी टाकल्या तर ज्याचं नाव चुकलं त्याला त्या दिसतही नाहीत. वही म्हणते तुम्ही बरोबर आहात, तर पानाचा फोटो काढून पाठवा. शिवी दिली तरी आवाज चढवू नका. तो माणूस पेपर हातात धरूनच बोलतोय.

आणि फोन ठेवण्याआधी विचारा, "पुढचा सामना कधी आहे?" तारीख वहीत लिहा. त्या दिवशी दहा मिनिटं आधी त्यांच्या बाकाजवळ जा आणि त्या पोराचं नाव सगळ्यात पहिलं लिहून घ्या.